दहावीनंतर गणित सुटलं, आता ॲमस्टरडॅमला तर्कशास्त्र शिकायचंय

पत्र

ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.ए. तत्त्वज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अकरावीला तर्कशास्त्र घेतलं ते ‘स्कोअरिंग आहे’ असं सगळे म्हणाले म्हणून. पण मग त्याचाच नाद लागला. नैगमनिक सिद्धता सोडवायला बसले की जेवायची शुद्ध राहत नाही. बी.ए.ला सरांनी सत्यता-वृक्ष (युक्तिवाद बरोबर आहे का ते फांद्या काढत तपासायच्या आकृत्या) शिकवले, ते तर मी बसच्या तिकिटामागेही काढते. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात ‘मास्टर ऑफ लॉजिक’ नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे जायचं मनात आहे. अडचणी अशा: दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. दोन वर्षांचे मिळून ७१ टक्के आहेत. शिफारसपत्र मागितलं तर सर म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” आणि बाबा एस.टी.त कंडक्टर आहेत, ते विचारतात, “तर्कशास्त्र शिकून कोण नोकरी देणार?” माझा अर्ज तिथे टिकेल का? काय काय लागतं, नीट सांगाल का?
– घरात जिला तर्कट म्हणतात ती

उत्तर

प्रिय तर्कट,

आधी कडू गोळी घे. येत्या हिवाळ्यात अर्ज करू नकोस. फी फुकट जाईल, नकार आला की तू महिनाभर वही उघडणार नाहीस, आणि नकाराचं कारण तुला आजच माहीत आहे. दीड-दोन वर्षांनी कर. तोवर काय करायचं ते सांगते, पण त्याआधी तिथली माणसं काय शोधतात ते समजून घे.

हा अभ्यासक्रम चालवते ती संस्था म्हणजे ‘इन्स्टिट्यूट फॉर लॉजिक, लँग्वेज अँड कॉम्प्युटेशन’. नावातच तीन खाती आहेत. तिथे गणितवाले येतात, संगणकवाले येतात, भाषाशास्त्रवाले येतात आणि तुझ्यासारखे तत्त्वज्ञानवालेही येतात. त्यामुळे बी.ए. तत्त्वज्ञान या नावावर कुणी तुझा अर्ज बाजूला टाकणार नाही, ती भीती सोड. पण आत गेल्यावर तत्त्वज्ञानवाल्यांसाठी वेगळी सोपी वाट नाही. मोडल लॉजिक, म्हणजे ‘असलंच पाहिजे’ आणि ‘असू शकेल’ यांचं तर्कशास्त्र, संचसिद्धांत, मॉडेल थिअरी, गणनक्षमता हे सगळं तिथे पहिल्या वर्षीच अंगावर येतं. आणि तिथलं सत्र आठ आठवडे, आठ आठवडे आणि चार आठवडे असं तोडलेलं असतं. आठ आठवड्यांत विषय संपतो, परीक्षा होते. ‘जरा रुळते, मग बघते’ म्हणायला जागाच नाही. जानेवारी आणि जूनच्या चार आठवड्यांत तर प्रकल्प असतात. एकूण १२० क्रेडिट, त्यातले ३० शेवटच्या प्रबंधाचे.

म्हणजे निवड करणारा माणूस तुझ्या कागदांत एकच गोष्ट शोधतो: हिनं कधी काही सिद्ध केलंय का?

तू म्हणशील, मी तर रोज करते, तिकिटामागे करते. थांब. तू करतेस ती सिद्धता तर्कशास्त्राच्या *आतली* आहे. नियम दिलेले, विधानं दिलेली, निष्कर्ष दिलेला, वाट तू शोधायचीस. तिथे करायची सिद्धता तर्कशास्त्रा*बद्दलची* असते. फरक एका उदाहरणावर दाखवते. हे मी माझ्या वर्गात वीसेक वर्षं दिलं.

सूत्रं कशी बनतात ते तुला माहीत आहे. प, फ, ब ही सुटी अक्षरं सूत्रं आहेत. एखादं सूत्र असेल तर त्याच्या आधी नकाराचं चिन्ह लावलं की तेही सूत्र. आणि दोन सूत्रं असतील तर मध्ये ‘आणि’, ‘किंवा’ किंवा ‘जर-तर’चं चिन्ह घालून सगळं मिळून एका कंसात टाकलं की तेही सूत्र. याखेरीज दुसरं काहीही सूत्र नाही. आता सिद्ध कर: कुठलंही सूत्र घे, त्यात जितके डावे कंस तितकेच उजवे.

वर्गात दरवर्षी एकच उत्तर यायचं. “मॅडम, उघडलेला कंस बंद होणारच की!” मी विचारायचे, का होणार? “कारण नाही झाला तर सूत्र चुकीचं.” का चुकीचं? “कारण कंस सारखे नाहीत!” इथे वर्गात हशा व्हायचा, कारण आपण घाण्याच्या बैलासारखे फिरून जागेवरच आलोय हे त्यांचं त्यांनाच दिसायचं.

सिद्धता चार ओळींची आहे. सुट्या अक्षरात डावे शून्य, उजवे शून्य: सारखे. एखाद्या सूत्रात सारखे असतील तर नकाराचं चिन्ह लावल्यानं कंस वाढत नाहीत, म्हणून सारखेच राहिले. दोन सूत्रांत प्रत्येकी सारखे असतील तर त्यांना एकत्र कंसात घालताना एक डावा आणि एक उजवा वाढला, म्हणून पुन्हा सारखे. आणि सूत्र बनवण्याचा चौथा मार्गच नाही. झालं. सूत्र जसं विटेवर वीट ठेवत बांधलं तशीच सिद्धताही वर चढत जाते. गणितवाल्या पोरांना हे ‘गणिती विगमन’ म्हणून अकरावीत भेटतं, संख्यांच्या बाबतीत. आर्ट्सच्या पोरांना भेटतच नाही. तुझ्या दहावीनंतरच्या गणितात नेमकी पोकळी आहे ती ही. कलनशास्त्र येत नाही म्हणून रडू नकोस, त्याच्यावाचून तुझं फारसं अडणार नाही.

आता तुझी पहिली परीक्षा इथेच. वरच्या चार ओळी वाचून तुला ‘हॅ, एवढंच?’ वाटलं, की ‘अरेच्चा, हे असंही विचारता येतं!’ वाटलं? पहिलं वाटलं असेल तर तुला कोडी आवडतात. छान गोष्ट आहे, पण त्यासाठी घरदार सोडून समुद्रसपाटीखालच्या गावात जायची गरज नाही. दुसरं वाटलं असेल तर पुढचं वाच.

तयारीचं सांगते. एक, तुझ्या तुकडीला चौथ्या वर्षाची ऑनर्सची सोय असेल तर ती घे, नसेल तर एम.ए.ला प्रवेश घे. हा सल्ला केवळ वेळ काढायचा म्हणून देत नाहीये. नेदरलँड्समध्ये पदव्या दोन जातींच्या: विद्यापीठाची आणि उपयोजित शिक्षणसंस्थेची. आपली तीन वर्षांची पदवी यांतल्या कशाच्या तोडीची मानायची हे तिथे बारकाईनं पाहतात. तीन वर्षांची साधी बी.ए. तिथल्या विद्यापीठाच्या पदवीइतकी धरली जाईलच याचा भरवसा ठेवू नये. चार वर्षांची पदवी किंवा वर एम.ए. असली की हा खडा वाटेतून निघतो. ७१ टक्क्यांचं टेन्शन घेऊ नकोस. आपल्याकडे तत्त्वज्ञानाला किती हात आखडून गुण देतात हे त्यांना तुझ्या कागदांतून दाखवून देता येतं, फक्त तर्कशास्त्राच्या पेपरांत तू झळकलेली दिसली पाहिजेस.

दोन, गणित. कॉलेजातल्या गणिताच्या विभागात जा आणि तिथल्या बाईंना किंवा सरांना विचार की संच, संबंध, फलन, विगमन आणि थोडं अमूर्त बीजगणित मी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकू का? आजवर मी पाठवलेल्या एकाही विद्यार्थ्याला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट आर्ट्सची पोरगी गणितात डोकावतेय म्हटल्यावर चहा मिळतो. पण नुसतं ऐकून कागदावर काही उमटत नाही, म्हणून जमेल तिथे गुण किंवा प्रमाणपत्र मिळेल असा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रमही पूर्ण कर. प्रथमस्तरीय विधेय तर्कशास्त्र, म्हणजे ‘सगळे’ आणि ‘काही’ यांचं तर्कशास्त्र, त्याच्या पूर्णतेच्या सिद्धतेसकट (जे जे तर्कानं खरं ते सगळं नियमांनी सिद्ध करता येतं, याच्या सिद्धतेसकट) तुझं झालं पाहिजे. तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलची ती सिद्धता आहे १९२९ची, आणि तिच्याशी झटापट केलेली मुलगी मुलाखतीत लगेच ओळखू येते.

तीन, चार लोकांत ऊठबस कर. तर्कशास्त्राचं भारतात अगदीच वाळवंट आहे अशातला भाग नाही. चेन्नईत गणितीय विज्ञान संस्थेत आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये, तसंच आय.आय.टी. कानपूरला या विषयात काम करणारी माणसं आहेत. ‘असोसिएशन फॉर लॉजिक इन इंडिया’ ही संघटना परिषद भरवते, आणि विद्यार्थ्यांसाठी तर्कशास्त्राची कार्यशाळाही घेते. या परिषदांची सुरुवात २००५ साली मुंबईत पवईलाच झाली. कार्यशाळेला जा. तिथे दोन आठवड्यांत तुला कळेल की आपण कुठे उभे आहोत, आणि शिफारसपत्राचा प्रश्नही बहुधा तिथेच सुटेल.

शिफारसपत्राबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुझ्या पत्रातलं तेच वाक्य मला सर्वांत टोचलं. “तूच लिहून आण, मी सही करतो.” सरांचा हेतू वाईट नसणार, त्यांच्यावर साठ पेपर तपासायचे असतील. मीही एकदा हेच केलंय. एका विद्यार्थिनीनं परदेशी अर्जासाठी पत्र मागितलं, परीक्षांचा हंगाम होता, मी म्हटलं तूच लिही. तिनं लिहिलं, मी दोन विशेषणं वाढवून सही ठोकली. नंतर कळलं की तिचं स्वतःचं हेतुपत्र आणि माझं शिफारसपत्र यांत तीन वाक्यं शब्दशः तीच होती! तिला प्रवेश मिळाला नाही. तेवढ्यानंच नाही मिळाला असं मी म्हणणार नाही, पण मला ते अजून खातं. तेव्हापासून मी नियम केला: विद्यार्थ्याकडून फक्त टिपणं घ्यायची, पत्र आपण लिहायचं.

म्हणून सरांकडे पुन्हा जा, पण रिकाम्या हातांनी जाऊ नकोस. एका पानावर मुद्दे लिहून ने: कुठल्या वर्षी कुठला पेपर त्यांनी शिकवला, त्यात तू कुठला प्रश्न विचारला होतास, कुठली सिद्धता पुस्तकाहून वेगळ्या वाटेनं सोडवली होतीस, ती वहीच ने. आणि म्हण, “सर, पत्र तुम्हीच लिहा, इंग्रजी टाइप मी करून देते.” अर्धं ओझं टायपिंगचंच असतं. ‘ही विद्यार्थिनी कष्टाळू, आज्ञाधारक आणि सुस्वभावी आहे’ या पत्राचा तिथे काडीचा उपयोग नाही. ‘या मुलीनं एकदा माझी फळ्यावरची चूक काढली, आणि ती चूकच होती’ हे एक वाक्य शंभर विशेषणांना भारी आहे. दुसरं पत्र गणिताच्या बाईंचं किंवा कार्यशाळेतल्या कुणाचं असेल तर उत्तम.

हेतुपत्राचीही तीच गत. ‘मला लहानपणापासून तर्काची आवड आहे’ असं सगळेच लिहितात, आणि ते वाचणारा मनातल्या मनात जांभई देतो. तू एखादी अशी गोष्ट लिही जी तुला खरंच छळते. उदाहरण देते, पण हेच उचलू नकोस. दोन अपरिमेय संख्या अशा आहेत का, की एकीचा दुसरीइतका घात परिमेय यावा? एक प्रसिद्ध सिद्धता अशी आहे. √२ चा √२ वा घात घ्या. तो परिमेय असेल तर काम झालं. नसेल तर त्या संख्येचाच पुन्हा √२ वा घात घ्या, उत्तर येतं २, म्हणजे तरीही काम झालं. वा! पण आता मी विचारते, दोन्हीपैकी खरी जोडी कुठली? ही सिद्धता सांगत नाही. ‘एकतर हे, नाहीतर ते’ एवढ्या भांडवलावर तिनं संसार केला. मध्यम-निरासाचा नियम तू अकरावीत पाठ केलास: विधान खरं असतं किंवा खोटं असतं, तिसरं काही नाही. त्या नियमावर, अनंताचा प्रश्न येतो तिथे, असा डोळे मिटून भरवसा ठेवता येणार नाही असं १९०८ साली ज्या तरुण डच गणितज्ञानं लिहिलं तो ब्राउवर. त्याची उभी कारकीर्द ॲमस्टरडॅमच्याच विद्यापीठात गेली. आणि तू तिकिटामागे काढतेस त्या सत्यता-वृक्षांचं मूळ ज्या पद्धतीत आहे ती १९५५मध्ये मांडणारा एव्हर्ट बेथ, तोही त्याच विद्यापीठातला. म्हणजे तुझं आणि त्या गावाचं नातं तू समजतेस त्याहून जुनं आहे. हे असलं काही, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या अडखळण्यासकट लिहिलंस तर वाचणारा खुर्चीत सरसावून बसेल. जाता जाता, बोट ठेवून दाखवता येईल अशीही जोडी आहे: √२ आणि पाया २ घेऊन ९ चा लॉगरिदम. घात काढून बघ, ३ येतात.

बाकी कागद पटकन सांगते. गुणपत्रकं आणि विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट लागेल. ते परीक्षा विभागातून काढायला चिकाटी लागते. माझ्या एका विद्यार्थ्याला खिडकी क्रमांक चारवरून सातवर आणि सातवरून पुन्हा चारवर असं तीन आठवडे फिरवलं होतं, तेव्हा सत्र सुरू होतानाच अर्ज टाक. प्रत्येक संबंधित विषयाचं थोडक्यात वर्णन दे: काय शिकवलं, कुठलं पुस्तक, किती तास. नुसतं ‘तर्कशास्त्र पेपर दुसरा’ लिहिलंस तर त्यात ॲरिस्टॉटलची संविधानं (दोन विधानांवरून तिसरं काढायचे साचे) होती की गोडेल होता हे त्यांना कसं कळावं? इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस किंवा टोफेल, द्यावीच लागेल असं धरून चाल. एकूण गुणांबरोबर लेखन, संभाषण या प्रत्येक भागाची वेगळी किमान मर्यादाही असते, आणि आपल्याकडची मुलं अडकतात ती तिथे. युरोपबाहेरच्यांसाठी अर्जाची मुदत सप्टेंबरच्या सत्राच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच संपते. ही तारीख दरवर्षी विद्यापीठाच्या पानावर पाहायची, मैत्रिणीच्या सांगण्यावर जायचं नाही.

आता बाबा.

बाबांचा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि त्यांना उडवून लावू नकोस. तिथे युरोपीय मुलांना वर्षाला साधारण अडीच हजार युरो फी पडते. आपल्याला त्याच्या कित्येक पट, पंधरा हजारांच्या बरीच वर. शिवाय तिथे राहण्याच्या परवान्यासाठी वर्षभराच्या राहणीखर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते, महिन्याला हजार युरोंहून जास्त या हिशेबानं. घर मिळणं हे त्या शहरात स्वतंत्र दुखणं आहे. शिकताना काम करता येतं, पण आठवड्याला १६ तासच, किंवा मग जून ते ऑगस्ट पूर्णवेळ. त्या आठ आठवड्यांच्या रेट्यात १६ तासही जड जातात. कंडक्टरच्या पगारावर आणि घर गहाण ठेवून हे करू नये, असं मी स्पष्ट म्हणते. शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं, नाही मिळाली तर नाही, हे घरात आधीच बोलून ठेवा.

शिष्यवृत्त्या आहेत. विद्यापीठाची ‘ॲमस्टरडॅम मेरिट’ आहे, या अभ्यासक्रमासाठी बेथ यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाची आहे. इथून जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जशिष्यवृत्ती आहे, १८९२पासूनची. तू अनुसूचित जातीतली असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती बघ. इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते, समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षाचा शासन निर्णय स्वतः वाच.

आणि नोकरीचं म्हणशील, तर तिथून निघालेले बरेच जण पीएच.डी.कडे वळतात, तोही पगारी मामला आहे: नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुतेकदा विद्यापीठाचा नोकरच असतो. बाकीचे संगणकाच्या कामात जातात. प्रोग्रॅम लिहिला तसाच चालतो की नाही हे तपासून न बघता *सिद्ध* करणं हा आता धंदा आहे, आणि तो तर्कशास्त्राचाच आहे. शिक्षणानंतर काम शोधायला वर्षभराचा परवाना मिळतो. बाबांना हेही सांग की आजकाल गल्लोगल्ली ज्या पायथन भाषेचे क्लास निघालेत, ती त्याच गावातल्या गणित-संगणक संशोधन केंद्रात जन्माला आली. ते केंद्र आणि तुझी संस्था आज एकाच परिसरात, सायन्स पार्कमध्ये आहेत. त्यावर ते म्हणतील, “मग पायथनच शीक की!” शीक. खरंच शीक. सिद्धता संगणकाकडून तपासून घेणारी साधनं आहेत, त्यांच्यावर हात बसला तर तुझ्या अर्जात ती ओळ चमकेल आणि बाबांचंही समाधान होईल.

गृहपाठ देऊन थांबते. वरच्या कंसांच्या गोष्टीचा दुसरा भाग: कुठलंही सूत्र डावीकडून वाचायला लाग आणि मनाला येईल तिथे थांब. तिथवर उजवे कंस डाव्यांपेक्षा कधीच जास्त भरत नाहीत. का? पहिल्या भागाची सिद्धता लागेल, आणि ‘आणि’च्या पायरीवर तू कुठे थांबली आहेस याचे तुकडे पाडावे लागतील. वहीच्या पानाचा फोटो पाठव. खाडाखोड पुसू नकोस, मला तीच बघायची आहे.